गोप्रोचा २४ हजारांचा कॅमेरा घ्यायचा की ४५ हजारांचा? मिठबावच्या समुद्रात उतरण्याआधी हे वाचा

संध्याकाळची वेळ. मिठबावच्या किनाऱ्यावर रापण ओढायला माणसं दोन्ही दोरांवर उभी आहेत. जाळं जवळ येतंय, पाणी फेसाळतंय आणि वाळूवर मासळीचा चंदेरी ढीग पडायला काही मिनिटंच उरली आहेत. तिकडे टेकडीवर गजबादेवीचं देऊळ उन्हात चमकतंय. हे सगळं मोबाईलवर शूट करता येतं. पण रापणीच्या दोराला धरून गुडघाभर पाण्यात उतरायचं, लाटेच्या उंचीवर कॅमेरा न्यायचा किंवा होडीच्या नाळेवर तो बांधायचा म्हटलं, की २० हजारांचा मोबाईल खिशातून काढायला हात धजत नाही.

इथेच ॲक्शन कॅमेऱ्याचा विचार सुरू होतो आणि पाठोपाठ गोंधळही. एकाच कंपनीचे, दिसायला जवळपास सारखे, नावातही एका शब्दाचा फरक असलेले दोन कॅमेरे. एक 'हिरो', दुसरा 'हिरो१३ ब्लॅक'. भारतात बाजारात आले तेव्हा पहिल्याची किंमत होती २३,९९० रुपये आणि दुसऱ्याची ४४,९९० रुपये. म्हणजे फरक थेट २१ हजारांचा.

होमस्टे चालवणारं कुटुंब असो, डॉल्फिन दाखवायला होडी नेणारा तरुण असो की कोकणातले रील्स टाकून फॉलोअर्स वाढवणारी कॉलेजातली मुलगी, २१ हजार ही छोटी रक्कम नाही. आणि चुकीचा कॅमेरा घेतला तर नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. कोकणातला पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. डिसेंबरात कॅमेऱ्यात पाणी गेलं, तर सगळ्यात गर्दीचे दिवस हातचे गेले.

म्हणून आज आपण या कॅमेऱ्यांमधला फरक नीट समजून घेऊ. जाहिरातीतल्या आकड्यांवरून नाही, तर आपल्या किनाऱ्यावर काय उपयोगी पडतं त्यावरून.

आधी थोडा इतिहास

गोप्रो ही कंपनी निक वुडमन या अमेरिकन तरुणाने २००२ मध्ये सुरू केली. तो सर्फिंग करायचा. लाटेवर असताना स्वतःचे फोटो काढता यावेत म्हणून त्याला मनगटावर बांधायचा कॅमेरा हवा होता. २००४ मध्ये पहिला 'हिरो' आला. तो चक्क ३५ मिलिमीटरच्या रोलवर चालायचा. म्हणजे या कॅमेऱ्याचा जन्मच समुद्रासाठी झालाय.

पुढची बरीच वर्षं मुख्य गोप्रो पाण्यात न्यायचा तर त्याला प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत बंद करावं लागायचं. २०१६ च्या हिरो५ ब्लॅकपासून ही डबी नसतानाही कॅमेरा १० मीटर खोल नेता येऊ लागला. तेव्हापासून 'वॉटरप्रूफ' हा शब्द आपण जरा सहज वापरायला लागलो. खरी गडबड त्या शब्दातच आहे, पण त्याकडे पुढे येऊ.

सप्टेंबर २०२४ मध्ये गोप्रोने हिरो१३ ब्लॅक आणि हिरो हे दोन कॅमेरे एकत्र जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात 'लिट हिरो' आणि '३६० अंशांचा मॅक्स२' यांची भर पडली.

कोणात काय आहे?

हिरो (२०२४)
- वजन: ८६ ग्रॅम
- सर्वोच्च व्हिडिओ: ४के, सेकंदाला ३० फ्रेम
- फोटो: १२ मेगापिक्सेल
- डबीशिवाय पाण्यात: ५ मीटर
- बॅटरी: आतच बसवलेली, काढता येत नाही
- स्क्रीन: फक्त मागे
- जीपीएस: नाही

लिट हिरो (२०२५)
- वजन: ९३ ग्रॅम
- सर्वोच्च व्हिडिओ: ४के, सेकंदाला ६० फ्रेम
- फोटो: १२ मेगापिक्सेल
- डबीशिवाय पाण्यात: ५ मीटर
- बॅटरी: आतच बसवलेली
- खासियत: पुढच्या बाजूला छोटा एलईडी दिवा

हिरो१३ ब्लॅक (२०२४)
- वजन: १५९ ग्रॅम
- सर्वोच्च व्हिडिओ: ५.३के, सेकंदाला ६० फ्रेम. ४के घेतल्यास १२० फ्रेम
- फोटो: २७ मेगापिक्सेल
- डबीशिवाय पाण्यात: १० मीटर
- बॅटरी: १९०० एमएएच, काढून बदलता येते
- स्क्रीन: पुढे आणि मागे दोन्हीकडे
- जीपीएस: आहे

अमेरिकेत जाहीर झाल्या तेव्हा हिरोची किंमत १९९.९९ डॉलर, लिट हिरोची २६९.९९ डॉलर आणि हिरो१३ ब्लॅकची ३९९.९९ डॉलर होती. भारतातल्या किमती सणांच्या सेलमध्ये बऱ्याच खाली-वर होतात, त्यामुळे घेताना त्या दिवसाचा भाव बघा.

आता एकेक मुद्दा घेऊ.

५ मीटर आणि १० मीटर: हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे

'मी कुठे एवढा खोल जाणार आहे?' हा पहिला प्रश्न असतो. बरोबर आहे. मिठबाव किंवा तांबळडेगच्या किनाऱ्यावर पोहायला उतरलात, तर तुम्ही दोन मीटरच्या खाली जाणारच नाही. मग हिरोचे ५ मीटर पुरेसे नाहीत का?

पोहण्यासाठी पुरेसे आहेत. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिलं ठिकाण म्हणजे स्कूबा. मिठबावहून लोक स्कूबासाठी मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास किंवा तारकर्लीला जातात. स्कूबाचं प्रशिक्षण देणाऱ्या पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार, पहिल्यांदाच अनुभव घेणाऱ्याला जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेता येतं. ओपन वॉटर हा पहिला कोर्स पूर्ण केलेल्याला १८ मीटरपर्यंत जाता येतं. मालवणात नवख्यांना बहुतेक वेळा यापेक्षा बरंच उथळ ठेवतात. तरीही ५ मीटरची मर्यादा ओलांडायला तिथे वेळ लागत नाही. म्हणजे स्कूबासाठी नुसता हिरो किंवा लिट हिरो नेणं हा जुगार आहे. हिरो१३ ब्लॅक उथळ डाइव्हला चालेल, पण तोही १० मीटरपर्यंतच. त्याहून खोल जायचं तर त्याच्यासाठी वेगळी डबी मिळते. ती लावली की ६० मीटरपर्यंत नेता येतो.

दुसरं ठिकाण म्हणजे आदळणं. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ५ मीटरवर अर्धा वाढतो. कॅमेऱ्यावर लिहिलेली खोली ही अशा शांत, हळूहळू वाढणाऱ्या दाबासाठी असते. होडीवरून कॅमेरा हातात धरून उडी मारली, जेट स्कीवरून वेगात पडलात किंवा फुटणारी लाट थेट कॅमेऱ्यावर आदळली, तर त्या क्षणी सीलवर पडणारा मार त्या उथळ खोलीच्या हिशोबापेक्षा जास्त असतो. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर कॅमेरा वापरू नये. ५ मीटरचा कॅमेरा दोन-तीन मीटरपर्यंत आणि १० मीटरचा सहा-सात मीटरपर्यंत वापरायचा, असा हिशोब ठेवलात तर पश्चात्ताप करावा लागणार नाही.

बॅटरी: होडीवर प्लग नसतो

हा मुद्दा खरेदीच्या वेळी सगळ्यात कमी बघितला जातो आणि वापरताना सगळ्यात जास्त सतावतो.

हिरोची बॅटरी आतच आहे. ४के मध्ये ती तासभर चालते. संपली की चार्जिंगला लावायचा. पॉवर बँक जोडता येते, पण त्यासाठी चार्जिंगचं दार उघडावं लागतं आणि दार उघडं म्हणजे कॅमेरा वॉटरप्रूफ नाही. होडीत उडणाऱ्या खाऱ्या पाण्याचे चार थेंबही त्या फटीत पुरे होतात.

हिरो१३ ब्लॅकची बॅटरी ५.३के आणि ३० फ्रेमवर साधारण दीड तास चालते, असं कंपनी सांगते. १०८०पी वर अडीच तास. पण खरा फायदा हा, की दुसरी बॅटरी खिशात ठेवता येते. हात पुसून, आडोशाला बसून, अर्ध्या मिनिटात बदलली की पुन्हा तयार.

एक लक्षात ठेवा. हिरो१३ ची बॅटरी नव्या आकाराची आहे. हिरो९ ते हिरो१२ च्या जुन्या बॅटऱ्या तिच्यात बसत नाहीत. मित्राकडून उसनी मिळेल या भरवशावर राहू नका.

सकाळी दोन तासांची डॉल्फिन सफर आणि दुपारी पाहुण्यांसोबत स्नॉर्केलिंग असा तुमचा दिवस असेल, तर बदलता येणारी बॅटरी हाच निर्णायक मुद्दा ठरतो. रिझोल्युशन त्यानंतर.

४के आणि ५.३के: रील्सवर फरक दिसतो का?

खरं सांगायचं तर, इन्स्टाग्रामवर नाही. रील मोबाईलच्या स्क्रीनवर १०८०पी मध्येच दिसते. हिरोचं ४के त्यासाठी भरपूर आहे.

मग ५.३के कशाला? कापायला. हिरो१३ ब्लॅकचा सेन्सर ८:७ या जवळपास चौकोनी आकारात व्हिडिओ घेऊ शकतो. एकाच क्लिपमधून तुम्ही उभी रील कापू शकता आणि यूट्यूबसाठी आडवा व्हिडिओही. डॉल्फिन फ्रेमच्या कोपऱ्यात उडाला, तरी नंतर त्याला मध्यभागी आणता येतं. हिरो मुळात आडव्या १६:९ साठी बनलाय.

दुसरा फरक स्लो मोशनचा. हिरो१३ ब्लॅक ४के मध्ये सेकंदाला १२० फ्रेम घेतो. म्हणजे ३० च्या वेगाने दाखवलं तर दृश्य चौपट संथ होतं. ७२०पी मध्ये तर थोड्या सेकंदांसाठी ४०० फ्रेमपर्यंत जाता येतं. रापणीतून उसळणारे बांगडे किंवा खडकावर फुटणारी लाट यासाठी हे कमालीचं दिसतं. हिरोला ४के मध्ये ३० फ्रेमच मिळतात, स्लो मोशनसाठी त्याला २.७के वर उतरावं लागतं.

तिसरा फरक स्थिरतेचा. व्हिडिओ हलू न देणारं 'हायपरस्मूथ' तंत्र हिरो१३ ब्लॅकमध्ये कॅमेऱ्यातच चालतं. हिरोमध्ये ते नंतर गोप्रोच्या 'क्विक' ॲपमधून लावावं लागतं. म्हणजे प्रत्येक क्लिप आधी मोबाईलवर घ्या, मग स्थिर करा, मग वापरा. घरी निवांत बसून करणार असाल तर ठीक. पण पाहुणे संध्याकाळी निघण्याआधी त्यांना व्हिडिओ द्यायचा असेल, तर हा वेळ हिशोबात धरा.

आणि जागेचा खर्चही बघा. हिरो१३ ब्लॅक जास्तीत जास्त १२० मेगाबिट प्रति सेकंद या दराने व्हिडिओ लिहितो. याचा अर्थ मिनिटाला सुमारे ९०० एमबी आणि तासाला सुमारे ५४ जीबी. ६४ जीबीचं कार्ड तासाभरात भरलं! त्यामुळे १२८ किंवा २५६ जीबीचं, व्ही३० असा शिक्का असलेलं कार्ड घ्या. स्वस्तातलं हळू कार्ड असेल तर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं.

पाण्याखाली रंग का जातात?

पाण्याखालचा पहिला व्हिडिओ बघून बहुतेकांची निराशा होते. सगळं निळं-हिरवं. कॅमेरा बिघडलेला नसतो. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच-सहा मीटरवर गेलात की लाल मासा राखाडी दिसायला लागतो. कितीही महाग कॅमेरा घेतला तरी हे बदलत नाही. उपाय तीन: लाल फिल्टर, दिवा किंवा नंतर एडिटिंगमध्ये रंग दुरुस्ती.

'मग लिट हिरोचा दिवा आहेच की!' असं वाटेल. तो दिवा हातभर अंतरावरच्या गोष्टीसाठी आहे. रात्री जेवणाचं ताट, तंबूतला चेहरा, अंधारातली सेल्फी. समोरचा अख्खा खडक उजळवणं हे त्याचं काम नाही.

त्याहून मोठी अडचण गढूळपणाची. पावसाळ्यानंतर नद्या आणि खाड्यांमधून आलेला गाळ काही आठवडे पाण्यात राहतो. शिवाय वाळूचा किनारा म्हटलं की लाटेसरशी तळ ढवळला जातो. अशा पाण्यात ४के आणि ५.३के सारखेच. दोन्हीत तुम्हाला धुकंच अधिक स्पष्ट दिसेल. पाणी निवळ असेल त्या दिवसाची वाट बघा आणि कॅमेरा वस्तूच्या शक्य तितका जवळ न्या. हा फुकटचा उपाय २१ हजारांच्या फरकापेक्षा जास्त काम करतो.

लेन्स: फक्त हिरो१३ ब्लॅकसाठी

हिरो१३ ब्लॅकची खरी नवी गोष्ट म्हणजे बदलता येणाऱ्या लेन्स. लेन्स लावली की कॅमेरा ती ओळखतो आणि सेटिंग स्वतः बदलतो.

अल्ट्रा वाइड लेन्स १७७ अंशांपर्यंतचं दृश्य घेते. छोट्या होडीत बसलेले सगळे पाहुणे एका फ्रेममध्ये हवे असतील तर कामाची. मॅक्रो लेन्स ११ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते. हापूसच्या बागेतला मोहर, त्यावरचे तुडतुडे किंवा वाळूतला छोटा खेकडा टिपायला ही छान. एनडी फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. दुपारच्या झगझगीत वाळूवर व्हिडिओ तुटक दिसू नये म्हणून. ॲनामॉर्फिक लेन्स सिनेमासारखी रुंद फ्रेम देते.

पण हे सगळं वेगळे पैसे देऊन घ्यायचं आहे. आणि एक सावधगिरी: मूळ लेन्सचं कव्हर काढलेलं असताना कॅमेरा वॉटरप्रूफ राहत नाही. लेन्स बदलायची ती घरात, कोरड्या हातांनी.

इतर पर्याय?

गोप्रो म्हणजेच ॲक्शन कॅमेरा, असं आता राहिलेलं नाही. २०२४ मध्येच आलेला डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ५ प्रो डबीशिवाय २० मीटरपर्यंत जातो. इन्स्टा३६० चा एस प्रो २ हा १२ मीटरपर्यंत. दोघांचेही सेन्सर हिरो१३ ब्लॅकपेक्षा मोठे आहेत. त्यामुळे पहाटे होड्या निघतात त्या अंधुक उजेडात हे दोघे सरस ठरतात. गोप्रोची बाजू कमी उजेडात अजूनही थोडी लंगडी आहे.

गोप्रोचा मॅक्स२ चारही बाजूंचं दृश्य एकदम ८के मध्ये टिपतो आणि फ्रेम कुठे ठेवायची ते नंतर ठरवता येतं. पण तोही ५ मीटरपर्यंतच जातो आणि एडिटिंगचं काम वाढवतो.

कोणताही घेतलात तरी दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: बिल आणि भारतातली वॉरंटी मिळेल का, आणि बिघडल्यास दुरुस्तीला कुठे पाठवायचा? बाहेरून आणलेला माल दोन-चार हजारांनी स्वस्त पडतो, पण खाऱ्या हवेत काम करणाऱ्याला वॉरंटीची किंमत लवकर कळते.

बजेट अडत असेल तर २०२३ चा हिरो१२ ब्लॅकही बघा. त्यातही ५.३के ६० फ्रेम, १० मीटर आणि बदलता येणारी बॅटरी आहे. नाही ते जीपीएस आणि स्वतःहून ओळखल्या जाणाऱ्या नव्या लेन्स.

खाऱ्या पाण्यातून कॅमेरा जगवायचा कसा?

- पाण्यात जाण्याआधी दाराची रबरी कड बोटाने तपासा. वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी आत येतं.
- दार बंद करताना खटका ऐकू येईपर्यंत दाबा.
- बाहेर आल्यावर, दार न उघडता, कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत काही मिनिटं बुडवून ठेवा. सुकलेलं मीठ सील आणि बटणं खातं.
- पूर्ण पुसून, सुकवून मगच दार उघडा.
- टचस्क्रीन पाण्याखाली चालत नाही. मोड वरच ठरवून घ्या, खाली फक्त बटण दाबा.
- तरंगणारी मूठ घ्या. हे कॅमेरे पाण्यात बुडतात. हातातून सुटला, तर वॉटरप्रूफ असूनही गेलाच.
- उन्हात होडीच्या फळीवर ठेवू नका. तापून बंद पडतो.

कॅमेरा आहे म्हणून काहीही चालत नाही

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. चांगल्या शॉटसाठी त्यांना धरणं, त्यावर पाय देणं किंवा तुकडा वर आणणं हा गुन्हा आहे.

तीच गोष्ट कासवांची. सिंधुदुर्गाच्या अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून त्यांना समुद्राऐवजी तुमच्या दिव्याकडे वळायला वेळ लागत नाही. लिट हिरोचा दिवा इथे बंदच ठेवायचा. रील नाही मिळाली तरी चालेल.

मग कोणता घ्यायचा?

किनाऱ्यावरचं पोहणं, रापण, बाइकवरचा प्रवास, घरातले सण आणि इन्स्टाग्राम एवढंच करायचं असेल: हिरो. उरलेल्या २१ हजारांतून कार्ड आणि तरंगणारी मूठ घ्या, बाकीचे वाचवा.

तेच, पण संध्याकाळनंतरचं शूटिंग जास्त आणि ६० फ्रेम हवे असतील: लिट हिरो.

होडी, स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा हा धंदा असेल, दिवसभर शूट करून त्याच दिवशी पाहुण्यांना व्हिडिओ द्यायचे असतील: हिरो१३ ब्लॅक किंवा हिरो१२ ब्लॅक, सोबत दोन जास्तीच्या बॅटऱ्या. १० मीटरखाली जाणार असाल तर डबीसह.

वर्षातून एकदाच, मे महिन्यात गावी येताना हवा असेल: विकत घेऊच नका. मुंबई-पुण्यात ॲक्शन कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात.

थोडक्यात, किती के आणि किती मेगापिक्सेल हे नंतर बघा. आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा: मी किती खोल जाणार, चार्जिंगपासून किती तास लांब राहणार आणि व्हिडिओ कुणाला, कधी द्यायचाय? या तिन्हींची उत्तरं तयार असली, की दुकानात गेल्यावर कोणता डबा उचलायचा हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.